मेंदूच्या हादऱ्याची साक्ष

खेळाच्या मैदानावर एखाद्याचा पाय मोडला, तर तो मोडल्याचें कोणास सांगावें लागत नाहीं. खेळाडूस उठतां येत नाहीं, आणि थोड्याच वेळांत क्ष-किरणांचें चित्र हाडांतील भेग दाखवितें. त्या चित्रापुढें खेळाडूची हौस, संघनायकाची निकड आणि प्रेक्षकांचा आग्रह, सारेंच निरुत्तर होतें. डोक्याला मार लागून मेंदूस जो हादरा बसतो, व ज्यास वैद्यकांत कन्कशन म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. तेथें भेग नाहीं, जखम नाहीं. पुष्कळदां शुद्धही हरपत नाहीं. डॉक्टरांपुढें पुरावा असतो तो बहुतांशीं खेळाडूच्या शब्दाचा. आणि खेळाडूस तर पुन्हां खेळावयाचें असतें!

१७ ऑगस्ट २०१९ रोजीं लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना चालू असतां याचें बोलकें उदाहरण घडलें. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० धावांवर खेळत होता. जोफ्रा आर्चरचा ताशीं १४८ किलोमीटरांहून अधिक वेगाचा उसळता चेंडू त्याच्या मानेवर, डाव्या कानाच्या खालीं लागला व तो जमिनीवर कोसळला. डॉक्टरांनीं त्यास आंत नेऊन ठरलेली तपासणी केली. तींत तो उत्तीर्ण झाला, पाऊण तासाच्या सुमारास पुन्हां फलंदाजीस आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्याचें डोकें दुखूं लागलें, गुंगी वाटूं लागली, व फेरतपासणींत तो आदल्या दिवसाहून मागें पडला. त्याच्या जागीं मार्नस लबुशेन खेळला. हादरा बसलेल्या खेळाडूऐवजीं दुसरा खेळाडू घेण्याची मुभा त्याच महिन्यापासून मिळाली होती, व कसोटी क्रिकेटमध्यें तिचा तो पहिला उपयोग होय. यांत डॉक्टरांस दोष देणें अन्यायाचें होईल. हादऱ्याचीं चिन्हें कधीं कधीं कांहीं तासांनीं उमटतात, आणि जें अद्याप उमटलेलेंच नाहीं तें कोणती तपासणी दाखविणार?

ही तपासणी असते तरी कशी? आपण कोणत्या मैदानावर आहोंत, शेवटचा गोल कोणी केला, असे प्रश्न विचारतात. शब्दांची एक यादी ऐकवून ती पाठ म्हणावयास लावतात, वर्षाचे महिने उलट्या क्रमानें म्हणवून घेतात, तोल सांभाळून उभें करतात; आणि डोकेंदुखी, मळमळ, अंधारी इत्यादि बावीस लक्षणांपैकीं कोणतें किती जाणवतें तें खेळाडूकडूनच वदवितात. परीक्षा चांगली आहे; परंतु परीक्षार्थी प्रामाणिक असेल तरच. हंगामापूर्वीं निरोगी स्थितींत हीच परीक्षा घेऊन ठेवतात, तेव्हां कांहीं खेळाडू मुद्दामच कमी गुण मिळवितात, म्हणजे पुढें मार बसल्यावर घसरण दिसून येऊं नये! शाळेंतील मुलांच्या युक्त्या यापुढें फिक्या पडतील.

कवटींत मेंदू एका पातळ द्रवांत तरंगत असतो, आणि तो घट्ट विरजलेल्या दह्याइतका मऊ असतो. डोक्याला एकाएकीं हिसका बसला, विशेषतः तें गर्रकन् वळलें, तर आंतील केंसाहूनही बारीक तंतु ताणले जातात. पेशींतील पोटॅशियम बाहेर पडतें, कॅल्शियम आंत शिरतें, आणि हा बिघडलेला समतोल सांवरण्यासाठीं पेशी आपली शक्ति भराभर खर्चूं लागते. नेमका त्याच वेळीं मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो. मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, अशी ही घरची अडचण. पण यांत फुटलेलें किंवा सांडलेलें असें मोठें कांहीं नसतें, म्हणून सी. टी. यंत्राचें चित्र, जें रक्तस्राव व अस्थिभंग अचूक दाखवितें, तें बहुधा निर्दोष येतें.

या अडचणीच्या दिवसांत दुसरा मार बसला, तर बरें होणें लांबतें. कोवळ्या वयाच्या खेळाडूंत तर क्वचित् मेंदू एकाएकीं सुजून मृत्यु ओढवल्याच्या घटना नमूद आहेत. वर्षानुवर्षें बसणाऱ्या आघातांचा प्रश्न याहून जुना. अमेरिकेंतील हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरानें १९२८ सालींच मुष्टियोद्ध्यांच्या झिंगल्यासारख्या चालीवर लेख लिहिला होता. परंतु तो दीर्घ विकार निश्चितपणें ओळखतां येतो तो मरणोत्तर. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या डॉक्टरास त्याचा उपयोग नाहीं.

म्हणून शास्त्रज्ञांनीं रक्ताकडे दृष्टि वळविली. मेंदूच्या पेशी दुखावल्या कीं त्यांतील कांहीं प्रथिनें अल्प प्रमाणांत रक्तांत उतरतात. तीं मोजतां आलीं तर खेळाडूच्या शब्दावर विसंबावयास नको. पहिला साक्षीदार एस-१००-बी नांवाचा. स्कँडिनेव्हियन देशांतील डॉक्टरांनीं कोणाचें सी. टी. चित्र टाळतां येईल हें ठरवितांना २०१३ पासून त्याचा आधार घेतला. पण हें प्रथिन चरबींतही असतें, आणि नुसत्या धांवण्यानेंही रक्तांत वाढतें. ज्याला धांवल्याची व मार लागल्याची खूण सारखीच, तो साक्षीदार खेळाच्या मैदानावर काय कामाचा?

पुढील जोडी अधिक भरंवशाची निघाली. जी. एफ. ए. पी. हें मेंदूंतील ताराकृति आधार-पेशींचें प्रथिन, आणि यू. सी. एच. एल-१ हें मज्जापेशींचें. फेब्रुवारी २०१८ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें या दोहोंवर आधारलेल्या रक्ततपासणीस मान्यता दिली, आणि हादऱ्याची रक्ततपासणी सांपडली असा डंका वाजला. तो ऐकतांना मूळ आंकडे नजरेसमोर ठेवणें अवश्य आहे. डोक्याला मार लागून रुग्णालयांत आलेल्या १९५९ माणसांवर ही तपासणी पारखली गेली. १२५ जणांच्या सी. टी. चित्रांत इजा आढळली. रक्तानें ६७१ जणांस निर्दोष ठरविलें, आणि त्यांपैकीं केवळ तिघांच्या चित्रांत इजा निघाली. हें यश थोर आहे. कारण शेंकडों लोकांचा क्ष-किरणांचा मारा व खर्च त्यानें वांचतो. पण उरलेल्या १२८८ जणांस रक्तानें दोषी ठरविलें, त्यांत अकराशेंहून अधिकांचें चित्र स्वच्छ होतें. त्यांना हादरा बसला होता कीं नव्हता? हा प्रश्न तपासणीस विचारलाच नव्हता. तिला विचारलें होतें तें इतकेंच, कीं या माणसाचें सी. टी. चित्र काढावें काय? उद्यां खेळावें काय, हा प्रश्न वेगळाच. या विषयावरील बहुतेक गोंधळ दोन प्रश्नांच्या या सरमिसळींतून उपजला आहे.

याहूनही खोल एक पेंच आहे. सोनें पारखावयाचें तर कसोटीचा दगड खरा पाहिजे. नवी तपासणी बरोबर कीं चूक, हें ठरविण्यासाठीं हादरा खरोखर कोणास बसला हें आधीं कळावयास हवें. आणि तें कळण्याचें साधन म्हणजे पुन्हां डॉक्टरांचा अंदाज व खेळाडूचा शब्द! ज्याच्या जागीं बसावयाचें, त्याच्याच शिफारसपत्रावर उमेदवाराची निवड व्हावी, तसा हा प्रकार. २०२१ मध्यें बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनीं इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील १०२८ रग्बीपटूंच्या अभ्यासांतून लाळेंतील चौदा सूक्ष्म आर. एन. ए. रेणूंचा एक गट निवडला. त्याचे निष्कर्ष डॉक्टरांच्या निर्णयाशीं बहुतांशीं जुळले, आणि सुई न टोंचतां होणारी ही तपासणी मोठ्या आशेची आहे. पण जेथें दोघांचें जुळलें नाहीं, तेथें चूक लाळेची कीं डॉक्टरांची, हें सांगणारा तिसरा पंच अद्याप कोणी नाहीं. २०२४ च्या जानेवारीपासून रग्बींत खेळाडूंच्या दातांवरील कवचांत आघात मोजणारीं यंत्रें बसविलीं गेलीं. तीं घाव मोजतात. घायाळ मोजीत नाहींत. एकाच जोराच्या धक्क्यानें एक खेळाडू आडवा होतो, तर दुसरा खेळत राहतो.

ऑक्टोबर २०२२ मध्यें ॲमस्टरडॅम येथें जगांतील तज्ज्ञ जमले. त्यांचा अहवाल २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला, व त्यांत रक्ताच्या व लाळेच्या या खुणा संशोधनास उपयुक्त, पण नित्याच्या निदानास अद्याप अपुऱ्या ठरविल्या गेल्या. उपचार मात्र स्पष्ट सांगितला आहे: पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांति, काळोख्या खोलींत कोंडून घेणें नव्हे, तर हलकें चालणें-फिरणें, मग पायरी-पायरीनें सराव, प्रत्येक पायरीस निदान एक दिवस, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनंतरच. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानानें तर २००९ सालींच अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठीं कायदा केला, आणि २०१४ पर्यंत पन्नासही संस्थानांत तत्सम कायदे झाले. मुलास हादरा बसल्याची नुसती शंका आली, तरी त्यास तत्काळ मैदानाबाहेर काढावें, आणि अधिकृत वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवान्यावांचून पुन्हां खेळूं देऊं नये, असें वॉशिंग्टनचा कायदा सांगतो. पुरावा तो मागतच नाहीं.