लेखा-मेंढ्याचा बांबू

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या ग्रामसभेला, म्हणजे सर्व प्रौढ ग्रामस्थांच्या सभेला, २००६ च्या वनहक्क कायद्याने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्यावाचून तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येईना. ग्रामसभेने तंटा न वाढवता कायद्याचा अभ्यास व सर्वसहमती यांवर भर दिला; तर तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू म्हणजे लाकूडच हा आपल्याच यंत्रणेचा आग्रह मोडून, बांबू हे गौण वनोपज, म्हणजे लाकूड वगळता इतर वन-उत्पादन, असल्याचे राज्यांना कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती आले. गावाच्या चिकाटीइतकेच शासनाने चूक मान्य करणेही धैर्याचे होते.