औषध तेच, वेष्टन नवं

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतलं जुनं, लालभडक औषध. कर्करोगाच्या पेशींवर जालीम, पण हृदयावरही. एकूण मात्रा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ लागतो, आणि गुण येत असतानाही औषध थांबवण्याची वेळ येते. जेरुसलेमच्या अल्बर्टो गॅबिझोन आणि येहेझकेल बारेनहोल्झ यांनी या पेचावर काम केलं. औषध तेच ठेवून त्यांनी ते मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरलं. पुटिकेचा व्यास साधारण 100 नॅनोमीटर. मिलिमीटरभर रेषेत अशा दहा हजार मावतात. 1995 मध्ये ‘डॉक्सिल’ नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. 2012 मध्ये तिथे त्याचा तुटवडा होता, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ मागवावं लागलं होतं.

लायपोसोममागचा मूळ तर्क देखणा होता. कर्करोगाची गाठ घाईघाईने रक्तवाहिन्या वाढवते आणि त्या गळक्या राहतात. निरोगी वाहिन्यांतून सहसा बाहेर न पडणारे कण तिथे झिरपतात. पण टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा हिशेब 2016 मध्ये मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी जेमतेम 0.7 टक्के गाठीपर्यंत पोहोचत असल्याचं दिसलं. उरलेल्यांतला बराच वाटा यकृत आणि प्लीहा गिळतात. तेव्हा गाठीवर अचूक आदळणाऱ्या क्षेपणास्त्राचं चित्र बाजूलाच ठेवावं. खरी कमाई आहे ती हृदय वाचण्याची. तीही फुकट नाही: डॉक्सिलने काहींचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात.

पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीतल्या दुसऱ्या औषधाची अडचण वेगळी. ते पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून केलेल्या द्रावकात ते देत, आणि त्या द्रावकाचीच तीव्र ॲलर्जी होई. म्हणून आधी स्टेरॉइड द्यायची. 2005 मध्ये आलेल्या ‘ॲब्रॅक्सेन’ने ते रक्तातल्याच अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांवर बसवलं आणि द्रावक हद्दपार केला.

निदानात नॅनोकणांचा गाजावाजा जास्त, वापर कमी. स्तनाच्या कर्करोगात मात्र एक उपयोग रुळला आहे. किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेले अतिसूक्ष्म कण टोचून काखेतली पहिली लसीकाग्रंथी शोधतात. तिच्यात कर्करोग नसेल, तर बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि हात सुजण्याचा धोका घटतो.

माझ्या मते नॅनोचं सर्वांत मोठं यश या कशातच नाही. ते आहे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लसीत. एचपीव्ही विषाणूचं बाहेरचं प्रथिन प्रयोगशाळेत बनवलं, की ते आपसूक जुळून सुमारे 55 नॅनोमीटरचा पोकळ गोळा होतो. दिसायला हुबेहूब विषाणू, आत जनुकं नाहीत; त्यामुळे संसर्ग होत नाही, पण प्रतिकारशक्ती सावध होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ही अशीच लस आहे. संसर्ग होण्याआधी दिली तरच तिचा पुरेपूर फायदा. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर या आठवड्यात तिच्या डॉक्टरांकडे लसीची चौकशी करा.