मोटारीची देखभाल, लेखांक ९ : वायपरची करकर

मागील लेखांकात पुढील काचेच्या आतील बाजूस धरणाऱ्या वाफेचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याच काचेची बाहेरील बाजू हा आहे. जूनच्या पहिल्या सरींबरोबर महाराष्ट्रातील गॅरेजांत वायपरच्या आवाजाची तक्रार हमखास येते आणि तिच्यावर बहुधा एकच उपाय होतो, तो म्हणजे जुने ब्लेड काढून नवे बसविणे. नवे ब्लेडही काही दिवसांत करकरू लागले की दोष बनावटीला दिला जातो. परंतु हा आवाज एकट्या रबराचा नसतो, तो रबर, काच आणि त्यांच्यामधील पाण्याचा अतिशय पातळ थर या तिघांच्या संबंधातून उत्पन्न होतो, आणि म्हणूनच त्याच्या निदानाचा आरंभ ब्लेडपासून न करता काचेपासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

वायपरच्या पट्टीची जी कड काचेवर टेकते ती जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. काच पुरेशी ओली असताना ही कड पाण्याच्या थरावरून सरकते व घर्षण अल्प राहते. पाऊस थांबत आला, की काच ना धड ओली ना धड कोरडी अशी होते, आणि या अर्धओल्या अवस्थेत रबर काचेला सर्वाधिक चिकटते. वस्तू जागची हलविताना जाणवणारे स्थैतिक घर्षण हे ती सरकू लागल्यानंतरच्या गतिज घर्षणाहून अधिक असते. त्यामुळे कड क्षणभर अडकते, आर्म पुढे ओढला गेल्याने ताणली जाते, सुटते, पुन्हा अडकते. ही अडक-सूट सेकंदाला हजारेक वेळा झाली तर किंचाळल्यासारखा बारीक आवाज येतो, आणि शंभराहून कमी वेळा झाली तर ब्लेड थडथडत उड्या मारते व काचेवर पाण्याच्या आडव्या-उभ्या रेघा राहतात. वंगणाचा थर अपुरा असताना वेग वाढेल तसे घर्षण घटत जाते, हे रिचर्ड श्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ च्या सुमारास बेअरिंगवरील प्रयोगांतून दाखविले होते. वायपर मंद गतीवर अधिक का करकरतो याचा उलगडा त्यातूनच होतो.

काच परीक्षण्याची रीत सोपी आहे. तांब्याभर पाणी वरून सोडले असता ते सलग पडद्यासारखे पसरले तर काच स्वच्छ समजावी. त्याचे थेंब व बेटे झाली तर काचेवर मेणाचा, सिलिकॉनचा किंवा तेलाचा थर आहे असे मानावे. हा थर बॉडी पॉलिशमधून येतो, धुलाई केंद्रांत टायर व डॅशबोर्ड चकाकविण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या द्रवातून येतो, पुढील ट्रकच्या धुरातून व चाकांनी उडविलेल्या तेलकट पाण्यातूनही येतो. बोटाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून काचेवरून फिरविल्यास डोळ्यांना न दिसणारी खरखर, म्हणजे झाडाचा चीक, सिमेंटचे कण, वाळलेले किडे, स्पष्ट जाणवते. भांडी घासण्याच्या साबणाने काच धुऊन, नंतर स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्यास तेलकटपणा बहुतेक जातो. खरखर उरलीच तर मोटारींसाठी मिळणारी क्ले वापरावी. पट्टीची कड मात्र ओल्या फडक्याने हलकेच पुसावी, कारण अनेक पट्ट्यांवर घर्षण कमी करणारा ग्रॅफाइटचा लेप असतो आणि जोराने घासल्यास मळाबरोबर तोही निघून जातो.

आवाज बंद व्हावा म्हणून पट्टीला डिझेल अथवा रॉकेल चोळण्याची पद्धत मात्र सर्वथा त्याज्य होय, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. (वायपर बंद पडल्यावर काचेवर तंबाखू चोळण्याची ट्रकचालकांची जुनी युक्ती निराळी, तिचा हेतू पाणी थेंबाथेंबाने न साचता पसरावे हा आहे.)

काच स्वच्छ करूनही आवाज राहिला, तर तो जाताना येतो, परतताना येतो, की दोन्ही वेळा, हे ऐकावे. पट्टीच्या कडेला वर एक अरुंद मान असते. ब्लेड दिशा बदलते तेव्हा कड या मानेवर दुमडून उलट बाजूस कलंडते व नेहमी मागून फरफटत येते. खडू फळ्यावर पुढे रोखून ढकलला की किंचाळतो आणि मागे कलता ठेवून ओढला की गप्प राहतो, तोच नियम येथे लागू पडतो. आवाज एकाच दिशेने येत असेल, तर त्या दिशेने कड कलंडत नाही हे उघड आहे; त्याची कारणे दोन. आर्म उचलून पाहिल्यावर कड एका बाजूला वाकलेलीच दिसली, तर ऑक्टोबरपासून मेपर्यंत उन्हात एकाच कुशीवर पडून रबर ताठरले आहे, आणि येथे मात्र पट्टी बदलण्यावाचून इलाज नाही. कड सरळ असेल, तर आर्म पिळला गेला आहे. काचेच्या मध्यावर ब्लेड काचेशी काटकोनात असले पाहिजे. ते नसल्यास ब्लेड काढून, आर्मच्या टोकाकडील चपट्या भागाला फडके गुंडाळून, ॲडजस्टेबल पान्याने किंचित पीळ द्यावा व पुन्हा तपासावे. हे करताना काचेवर जाड टॉवेल पसरणे अत्यावश्यक आहे, कारण ब्लेडविना असलेला लोखंडी आर्म स्प्रिंगच्या जोराने आपटला तर काच तडकते, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या दुरुस्तीचे रूपांतर काही हजारांच्या खर्चात होते.

याउलट काचेवर भरपूर पाणी असतानाही ठक् ठक् असा आवाज येत राहिला, तर तो काचेवरचा नव्हेच. आर्म हाताने हलवून पाहावा. बुडाशी खेळ जाणवला तर टोपीखालील नट सैल आहे, अन्यथा मोटर व आर्म यांना जोडणाऱ्या लिंकेजचे प्लॅस्टिकचे बुश झिजले आहेत. हे लिंकेज काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीखाली बसविलेले असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या जाळीतून पाने शिरतात, पाणी जाण्याची भोके बुजतात, आणि साचलेल्या पाण्याने आर्मचे दांडे गंजून जड फिरू लागतात. अशा वेळी मोटरवरही ताण येतो, म्हणून बुश बदलण्यापूर्वी पाने काढून भोके मोकळी करावीत आणि दांडा हाताने सहज फिरतो की नाही, हे आधी पाहावे.