डोंगर खाली येतो तेव्हा

शेतातून, पाण्यावरून, बाजारातून दमून आला असाल, तर जरा टेका आणि ऐका. आज आपण डोंगराच्या झिजेबद्दल बोलणार आहोत. विषय शाळेच्या पुस्तकातला वाटेल, पण तो आपल्या घराच्या मागच्या भिंतीपासून सुरू होतो.

डोळखांबहून डेहण्याकडे निघालं की समोर आजोबा डोंगर दिसतो. पाऊस उघडला की त्याचा कडा नीट बघा. भाकऱ्यांची चळत लावावी तशा आडव्या पट्ट्या दिसतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून तापलेला लाव्हारस वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. असा थरावर थर बसून आपला सह्याद्री झाला. त्यातले काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, तर काही ठिसूळ आहेत. ठिसूळ थर आधी झिजतो, वरच्या पाषाणाचा आधार जातो आणि धोंडा निखळतो.

डोंगर झिजवणारे कारागीर बरेच आहेत. त्यातले तीन आज बघू.

पहिला वारा. आपण भात उफणतो तेव्हा फोल उडून लांब जातं आणि दाणा जवळच पडतो. वाराही जमिनीला तसाच उफणतो. बारीक, सुकी माती उचलून नेतो, जड खडे मागे ठेवतो. राजस्थानच्या वाळवंटात त्याने वाळूच्या टेकड्या उभ्या केल्या आहेत. आपल्याकडे पाऊस भरपूर आणि झाडोरा बऱ्यापैकी, म्हणून वाऱ्याचं फार चालत नाही. पण मे महिन्यात उघड्या माळावरून धुरळा उठतो, तेव्हा आपलीच वरची कसदार माती उडत असते.

दुसरी हिमनदी. ती आपल्याकडे नाही, हिमालयात आहे. तिथे वर्षानुवर्षं बर्फ साचतो आणि स्वतःच्या वजनानेच उतारावरून हळूहळू सरकतो. त्याच्या तळाला दगड अडकलेले असतात. पाट्यावर वरवंटा फिरावा तसे ते खालचा खडक घासतात. त्यातून कढईसारख्या रुंद तळाच्या दऱ्या तयार होतात. बर्फ वितळून मागे हटला की दगडगोट्यांचे ढीग उरतात आणि कधी त्यांच्यामागे तळं साचतं. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वर अशाच एका तळ्याचा काठ फुटला आणि खाली हाहाकार झाला.

तिसरा कारागीर म्हणजे वजन. पृथ्वी प्रत्येक वस्तू खाली ओढते, त्यालाच गुरुत्वाकर्षण म्हणतात. खळ्यावर धान्याची रास घालताना तुम्ही पाहिलं असेल. रास एका उंचीपर्यंत चढते, मग दाणे आपोआप घसरतात. तिचा उतार ठरावीकच राहतो. डोंगराच्या मातीचंही तसंच असतं. पण मातीची घसरण बरेचदा इतकी हळू असते की डोळ्यांना कळत नाही, ती झाडांवरून कळते. उतारावरच्या झाडाचं खोड बुंध्याशी कोयत्यासारखं वाकून मग सरळ वर गेलं असेल, तर बरेचदा तिथली माती वर्षानुवर्षं सरकत असते.

हीच हळू घसरण एकदम कशी होते? पाण्यामुळे. सारवणाचा काला आठवा. पाणी बेताचं असलं तर तो धरून राहतो, जास्त झालं की वाहतो. शिवाय पाण्याला वजन असतं. एका गुंठ्यावर चार इंच पाऊस पडला, तर ते सुमारे १० हजार लिटर पाणी होतं. म्हणजे १० टन. उन्हाळ्यात आपल्या पाड्यावर येणारा टँकर आठवा, तसा एक मोठा भरलेला टँकर प्रत्येक गुंठ्यावर. त्यातलं काही वाहून जातं, काही मुरतं. मुरलेलं पाणी खालच्या पाषाणाशी अडतं आणि वरची भिजून जड झालेली माती त्यावरून घसरते.

आहुपे घाटाने वर गेलं की आंबेगाव तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर आला. १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिन्ही वेळा महिना जुलैचा आणि पाऊस मुसळधार. आपल्या वाड्याही अशाच डोंगरांच्या पायथ्याला आणि उतारावर आहेत. पायथ्याची ही माती आली कुठून? ती वरूनच आली आहे.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. दरड पुष्कळदा आधी खुणा दाखवते. गवताला, सरपणाला, झऱ्याला आपणच जातो, म्हणून त्या खुणा आपल्याला आधी दिसतात. उतारावर नवी भेग पडली किंवा जुनी रुंदावली. झाड, कुंपण, विजेचा खांब कलला. भिंतीला तडा गेला, दार अचानक अडकायला लागलं. नेहमीचा झरा गढूळ झाला, आटला किंवा नव्याच जागी पाणी फुटलं. पाऊस चालू असताना ओहोळाचं पाणी एकाएकी कमी झालं, म्हणजे वर काहीतरी अडलं असेल. डोंगरातून घरघर ऐकू आली, तर एक क्षणही थांबू नका.

अशा वेळी भांडी, कपडे, धान्य गोळा करत बसू नका. मुलं आणि म्हातारी माणसं घ्या, जमलं तर गुरांचे दावे सोडा आणि घसरणीच्या वाटेतून बाजूला निघा. ओहोळाच्या कडेने पळू नका, दरड बरेचदा तीच वाट धरते. पोलीस पाटील, सरपंच, तलाठी यांना कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आणि तातडीचा नंबर ११२ आहे.

काही कामं पावसाआधी करायची. घरामागचा उतार उभा कापू नये. वरकसावर खाचर काढलं, तर पाण्याला बाहेर जायला चर ठेवावा. भेग दिसली तर ती मातीने बुजवावी आणि वरचं पाणी दुसरीकडे वळवावं. उतारावरची झाडं राखावीत, मुळं वरची माती धरून ठेवतात. मात्र भेग खोल असेल, तर झाडंसुद्धा दरडीबरोबर खाली येतात. म्हणून झाडी आहे, आता काळजी नाही, असं समजू नका.

मे महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की एक काम करा. चारपाच जणींनी मिळून वाडीच्या वरचा उतार चालून या. काय दिसलं ते गटाच्या वहीत लिहा, तारीख टाका आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. जोराच्या पावसात रात्री कुठे जायचं, शाळेत की समाजमंदिरात, तेही तेव्हाच ठरवा. ती जागा उताराच्या वाटेत नाही ना, हे आधी बघा. आणि जिच्या घरी फोन नाही, तिला हाक मारायला कोण जाणार, तिचं नावही वहीत लिहून ठेवा.

येते मैत्रिणींनो, सांभाळून राहा.