थंडी, छोटा हत्ती आणि हीटर प्लग

मित्रांनो, अकोला जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त मे महिना आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत पातूरकडे पहाटे चारला उठून पाहा. पारा कित्येकदा दहाच्या खाली उतरलेला असतो, आणि नेमकी हीच वेळ भाजीच्या गाड्या अकोल्याला निघायची. अंतर तीसेक किलोमीटरच. पण हर्रासाला माल उशिरा पोचला की भाव गेला. अशा वेळी सेल्फ नुसता कण्हतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, आणि आजूबाजूचं कुणीतरी म्हणतंच, "काऊन बाप्पा, गाडी चालूच होऊन नाही राहिली! डिझेल गोठलं वाटते."

डिझेल खरंच गोठतं का? गोठतं, पण सहसा आपल्याकडे नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेलचा पोअर पॉइंट, म्हणजे ते वाहायचं थांबण्याची मर्यादा, जास्तीत जास्त ३ अंश सेल्सिअस असते. उन्हाळी डिझेलसाठी ती १५ अंश आहे. म्हणजे गाडी महिनोन्‌महिने उभी असेल आणि टाकीत उन्हाळ्याचंच डिझेल पडून असेल, तर फिल्टर तुंबल्याची शंका घ्यायला जागा आहे. रोज चालणाऱ्या गाडीत नाही. खरी डिझेल गोठवणारी थंडी लडाखची. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांचा पोअर पॉइंट असलेलं खास डिझेल आणलं. मग पातूरच्या आठ अंशांत गाडी का अडते? त्यासाठी सेकंड इयरचं थर्मोडायनॅमिक्स जरा उघडावं लागेल.

ठिणगी नाही, नुसती दाबलेली हवा

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. रुडॉल्फ डिझेल यांचं १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला यशस्वी ठरलेलं इंजिन याच तत्त्वावर चालतं. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, मग त्यात डिझेल फवारायचं. स्पार्क प्लगची गरजच नाही.

आता गणित. दाबल्यानंतरचं तापमान काढायला सुरुवातीचं तापमान (केल्विनमध्ये) घ्यायचं आणि त्याला कॉम्प्रेशन रेशोच्या "एन वजा १" या घाताने गुणायचं. रेशो २० धरू. इंजिन धडधाकट असेल आणि सेल्फ जोरात फिरवत असेल तर एन साधारण १.३ धरता येतो. रिंगा झिजलेल्या असतील आणि इंजिन हळू फिरत असेल, तर हवा गळते, उष्णता थंड भिंतींत जाते आणि एन १.२ च्या घरात येतो. उत्तरं अशी येतात:

मे महिना (४० अंश), धडधाकट इंजिन: सुमारे ४९६ अंश
जानेवारी (८ अंश), धडधाकट इंजिन: सुमारे ४१७ अंश
मे महिना, थकलेलं इंजिन: सुमारे २९७ अंश
जानेवारी, थकलेलं इंजिन: सुमारे २३९ अंश

डिझेल आपोआप पेटण्याचं तापमान सुमारे २१० अंश सांगतात. मग २३९ पुरायला हवेत ना? नाही पुरत. कारण डिझेलला तिथे निवांत पेटायला वेळ नाही. पिस्टन वर पोचून परत खाली जायच्या आत, काही मिलिसेकंदांत पेटायचं असतं. त्यासाठी हवा बरीच जास्त गरम लागते.

आता आकडे पुन्हा बघा. थंडीने धडधाकट इंजिनाचे फक्त ७९ अंश खाल्ले. गळतीने आणि हळू फिरण्याने त्याच जानेवारीत १७८ अंश खाल्ले. म्हणजे जानेवारीतलं चांगलं इंजिन मे महिन्यातल्या थकलेल्या इंजिनापेक्षाही जास्त गरम हवा तयार करतं! आपण शिव्या थंडीला देतो, पण थंडी फक्त आधीपासून असलेलं दुखणं उघडं पाडते.

हीटर प्लग कुठे असतो, कुठे नसतो

काही इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न फवारता बाजूच्या एका छोट्या कप्प्यात फवारतात. याला इनडायरेक्ट इंजेक्शन म्हणतात. कप्प्याच्या थंड भिंती आणि अरुंद तोंड हवेची उष्णता पिऊन टाकतात, म्हणून तिथे ग्लो प्लग बसवतात. आपले मिस्त्री लोक त्याला हीटर प्लग म्हणतात. पेन्सिलीएवढी धातूची नळी, आत तारेचं वेटोळं आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी. होस्टेलवर बादलीत टाकायच्या रॉडचा हा धाकटा भाऊच! टोक लालभडक होऊन ८०० अंशांच्या वर जातं आणि फवारा तिथे पेट घेतो.

२००५ मध्ये आलेल्या टाटा एसचं, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचं इंजिन याच जातीचं होतं. ७०२ सीसी, सिलिंडर फक्त दोन. चार सिलिंडरच्या गाडीत एक प्लग गेला तर बाकीचे तीन गाडी ओढून नेतात. दोनमधला एक गेला की अर्धं इंजिन गेलं.

याउलट जुन्या मोठ्या ट्रकच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत बहुतेक वेळा हीटर प्लग नसतातच. तिथे प्लग शोधत बसू नये; सरळ बॅटरी, सेल्फ आणि कॉम्प्रेशन बघावं.

आधी धूर बघा

सेल्फ मारताना पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. दोष प्लगचा, कमी फेऱ्यांचा किंवा कॉम्प्रेशनचा. धूर अजिबातच नसेल तर डिझेलच पोचत नाही. लाइनने एअर घेतली असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा पंपाचा सोलेनॉइड उघडत नसेल. तिथे प्लग बदलून पैसे वाया जातील.

प्लग तपासायला फार काही लागत नाही. प्लगना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावा, दुसरी प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर वेटोळं शाबूत, नाही लागला तर तुटलं. सगळे प्लग चांगले निघाले तर फ्यूज आणि रिले बघा. चावी फिरवल्यावर पट्टीवर १२ व्होल्ट यायला हवेत. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत प्लग मेलेला असला तरी तो दिवा इमानदारीने लागतो. आणि हो, नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टेजचे असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर तपासता तपासताच जळतील.

आज निघायचंच आहे, मग?

१. पहिली बॅटरी. डिझेल पेटायला इंजिन मिनिटाला शंभर-दीडशे फेऱ्या तरी फिरलं पाहिजे. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंपर लावा. टर्मिनल घासून घट्ट करा.

२. क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारा. गिअरबॉक्समधल्या घट्ट ऑइलचं ओझं कमी होतं.

३. एखादा प्लग जिवंत असेल तर चावी दोन-तीनदा "हीट"वर धरा, मगच सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. नाहीतर सेल्फही जळेल.

४. इनटेक मॅनिफोल्डवर गरम पाण्यात पिळलेली जाड फडकी गुंडाळा. आत जाणारी हवा दहा-वीस अंशांनी गरम झाली तरी दाबल्यानंतर त्याची जवळपास दुप्पट होते. पाणी एअर फिल्टरमध्ये जाऊ देऊ नका.

हे मात्र नको

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटतं फडकं धरणं किंवा टाकीखाली जाळ करणं, हे शौर्य नाही. स्टार्टिंग स्प्रेही तितकाच वाईट. त्यातलं ईथर सुमारे १६० अंशांनाच पेटतं, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आधीच. उलटा दणका बसून रिंग किंवा पिस्टन फुटतो. एखादा प्लग चालू असेल तर स्फोट मॅनिफोल्डमध्येही होऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: उतारावरून गाडी सोडून चालू करणं. पातूरच्या पुढे मालेगाव-वाशीमकडे जाताना घाट लागतो, त्यामुळे हा मोह होतोच. पण ब्रेकच्या बूस्टरला लागणारं व्हॅक्यूम इंजिनच तयार करतं. इंजिन बंद असताना एक-दोनदा पेडल दाबलं की साठलेलं व्हॅक्यूम संपतं आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. मागे टनभर माल, समोर वळण, आणि इंजिन अजून चालू झालेलं नाही! धक्का मारायचाच असेल तर सपाट रस्त्यावर, चार माणसं घेऊन.

गाडी चालू झाली की काम संपलं असं नाही. प्लग बदलायचा तर इंजिन गरम असताना, आट्यांवर तेल सोडून, हळू हाताने काढा. हेडमध्ये तुटला तर हेडच उतरवावं लागतं. काढलेल्या प्लगचं टोक वितळलेलं दिसलं तर नोझलही तपासून घ्या. ते फवारण्याऐवजी धार सोडत असेल तर नवा प्लगही तसाच जळेल. आणि नवे प्लग टाकूनही सकाळी पांढरा धूर येतच राहिला, तर कॉम्प्रेशन गेज लावा. हीटर प्लग ही म्हाताऱ्या इंजिनाची काठी आहे. काठी बदलून गुडघा बरा होत नाही.

तेव्हा मित्रांनो, सुटीत गावाकडे गेल्यावर पहाटे कुणाची गाडी अडलेली दिसली, तर धक्का मारायच्या आधी सायलेन्सरकडे बघा. धुराचा रंग अर्धं उत्तर देऊन टाकतो, उरलेलं अर्धं काढायला आपला एक टेस्ट लॅम्प पुरतो.