कावीळ सी आणि मधुमेह: यकृताचे दुखणे साखरेवर कसे येते

आपल्या मंडळींना मधुमेहाबद्दल फारसे सांगावे लागत नाही. त्याला ‘सुकेरेत’ म्हणा किंवा साखरेचा आजार म्हणा, नात्यागोत्यात कुणाला ना कुणाला तो असतोच. साखर वाढली की आपण गोडाचा विचार करतो, वजनाचा करतो, फार तर स्वादुपिंडाचा करतो. यकृताचा विचार मात्र सहसा मनात येत नाही. पण हिपॅटायटिस सी, म्हणजेच कावीळ सी, हा यकृताचा रोग आहे आणि त्याचे मधुमेहाशी जवळचे नाते आहे. आज हा रोग काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. म्हणून हे नाते वडीलधाऱ्यांनी समजून घेतलेले बरे.

नाव पिवळे, पण रोग लपलेला

यकृताच्या सुजेला मराठीत आपण सरसकट कावीळ म्हणतो. हिब्रूतला ‘त्साहेवेत’ हा शब्दही पिवळ्या रंगावरूनच आला आहे. त्यामुळे डोळे पिवळे झाले नाहीत म्हणजे आपल्याला काही नाही, असे वाटते. सीच्या बाबतीत हाच समज घात करतो.

कावीळ ए दूषित पाण्यातून आणि अन्नातून येते व बहुधा आपोआप बरी होते. कोकणात लहानपणी झालेली आणि झाडपाल्याच्या औषधाने ‘उतरलेली’ कावीळ बहुतेक वेळा हीच असावी. कावीळ सी रक्तातून येते. लागण होते तेव्हा बहुतेकांना ताप येत नाही की अंग पिवळे होत नाही. सुमारे १०० पैकी ३० जणांचे शरीर सहा महिन्यांत विषाणूला हाकलून लावते. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. वीस-तीस वर्षे माणूस हिंडतो-फिरतो, आणि आत यकृतावर हळूहळू वण धरत जातात. वण फार वाढले की त्याला सिरोसिस म्हणतात. पुढे काहींना यकृताचा कर्करोगही होतो.

हा विषाणू आला कुठून?

हा विषाणू १९८९ साली ओळखता आला. त्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच माहीत नव्हता, तोवर रक्त तपासून देणार तरी कसे? म्हणून इस्रायलमध्ये १९९२ पूर्वी ज्यांना रक्त चढवले गेले त्यांनी तपासणी करून घ्यावी, असे सांगितले जाते. भारतात रक्तपेढ्यांना ही तपासणी सक्तीची व्हायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

आपल्यातले पुष्कळ जण मुंबईत, ठाण्यात किंवा कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत वाढले. तेव्हाचा दवाखाना आठवून पाहा. काचेची सिरिंज एकच असे, सुई डब्यात उकळून पुन्हा वापरली जाई आणि घाईच्या वेळी ती पुरेशी उकळली जाई की नाही, कोण सांगणार? न्हाव्याचा वस्तरा, कान टोचायची सुई, गोंदण, दात काढायची हत्यारे यांचीही तीच गत होती. बाळंतपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी रक्त दिले असेल, तर तेही लक्षात ठेवायला हवे.

हे सांगायचे कारण असे की यकृताचा रोग म्हटला की लोक दारूकडे बोट दाखवतात. जन्मात दारूला न शिवलेल्या आजीलाही कावीळ सी असू शकते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

यकृत आणि साखर यांचा संबंध

यकृत म्हणजे शरीराची कणगी. जेवल्यावर रक्तात जी जादा साखर येते ती यकृत साठवून ठेवते आणि रात्री आपण उपाशीपोटी झोपलेले असताना थोडी थोडी रक्तात सोडते. केव्हा साठवायची आणि केव्हा सोडणे थांबवायचे, हा निरोप इन्सुलिन आणते.

कावीळ सीचा विषाणू यकृताच्या पेशींत शिरतो आणि हा निरोप आत पोहोचू देत नाही. त्याच्यामुळे यकृताला सूज राहते आणि पेशींत चरबीही साचते. भारतात या विषाणूचा जो तिसरा प्रकार जास्त आढळतो, त्यात ही चरबी विशेष दिसते. मग इन्सुलिन हाका मारत राहते, पण यकृत ऐकत नाही. पोट रिकामे असतानाही ते साखर सोडत राहते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते आणि शेवटी थकते. हा झाला टाइप २ मधुमेह.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. चाळिशीपुढच्या ज्या लोकांच्या रक्तात कावीळ सी आढळली, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक होते. पुढच्या सगळ्याच पाहण्यांत फरक इतका मोठा दिसला नाही, पण दोन्ही रोग एकत्र आढळतात हे डॉक्टर मानतात. याचा अर्थ प्रत्येक मधुमेह काविळीमुळे होतो असा मुळीच नाही. बहुतेकांचा मधुमेह वय, वजन आणि आईवडिलांकडून आलेली प्रवृत्ती यांमुळेच असतो.

उलट बाजूही आहे. मधुमेह असला की यकृतावरचे वण लवकर वाढतात आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. दोन्ही रोग एकमेकांच्या आगीत तेल ओततात. म्हणून ज्याला एक आहे त्याने दुसऱ्याची तपासणी करून घ्यावी.

तपासणी दोन पायऱ्यांची

पहिल्या तपासणीत रक्तातली प्रतिद्रव्ये पाहतात. ती सापडली तर विषाणू कधीतरी अंगात येऊन गेला एवढेच कळते. तो आजही आहे का, हे दुसऱ्या तपासणीत, म्हणजे आर.एन.ए. चाचणीत, समजते. पहिला अहवाल पाहून घाबरू नये आणि दुसरी चाचणी टाळूही नये. रोग बरा झाल्यावरही प्रतिद्रव्ये रक्तात राहतात. पुढे कुणी ती पाहून ‘अजून कावीळ आहे’ म्हटले, तर उपचार झाल्याचे सांगावे.

आणखी एक गोष्ट. तीन महिन्यांच्या साखरेची जी चाचणी आपण करतो, एचबीए१सी, तिच्यावर सिरोसिस किंवा रक्तक्षय असलेल्यांनी पूर्ण विसंबू नये. रक्तपेशी लवकर मरत असल्या की आकडा खोटाच कमी दिसू शकतो. अशा वेळी बोट टोचून घेतलेली साखर अधिक खरी.

उपचार, आणि साखर एकदम उतरण्याची सावधगिरी

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. त्यांचा त्रास फार होई आणि गुण येईलच याची खात्री नसे. ज्यांनी तेव्हा नकार दिला, किंवा ज्यांना गुण आला नाही, त्यांनी आता पुन्हा विचारावे. आजच्या गोळ्या बहुधा ८ किंवा १२ आठवडे घ्यायच्या असतात आणि १०० पैकी ९५ हून अधिक लोक बरे होतात. वय जास्त आहे म्हणून उपचार नाकारले जात नाहीत. ही औषधे सल हाब्रियुतमध्ये आहेत, म्हणजे ती कुपत खोलीमकडूनच मिळतात.

विषाणू गेला की पुष्कळांचे यकृत इन्सुलिनचे पुन्हा ऐकू लागते. गोष्ट आनंदाची, पण इथेच जपायला हवे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या जुन्याच मापाने चालू राहिल्या, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. म्हाताऱ्या माणसाला अशात भोवळ येऊन पडायला वेळ लागत नाही. म्हणून पहिले तीन महिने साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजावी, आकडे वहीत लिहावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत. डोस आपल्या मनाने कमी करू नये की औषध बंदही करू नये. या काळात योम किप्पूर आला, तर उपासाबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे.

सगळ्यांचाच मधुमेह सुटतो असे नाही. काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या तशाच राहतात. यकृताचे मात्र नक्की भले होते. आधीच सिरोसिस झाला असेल, तर बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी.

औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना आपल्या सगळ्या गोळ्या दाखवा. कोलेस्टेरॉलच्या, हृदयाच्या ठोक्यांच्या आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्यांचे या औषधांशी जमत नाही. कावीळ बीचीही तपासणी आधी करतात, कारण सीचा उपचार चालू असताना झोपलेली बी जागी होऊ शकते. अकामोल किती घ्यावी तेही विचारा. भारतातून कुणी साखरेवरचे चूर्ण किंवा काढा पाठवला असेल, तर तोही लपवू नका. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली नोंदवले आहे.

घरात काय जपावे

कावीळ सी एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्याल्याने, मिठी मारल्याने किंवा नातवंडांचे मुके घेतल्याने पसरत नाही. घरातल्या माणसाची ताटवाटी वेगळी करून त्याचे मन दुखवू नका. जपायचे ते रक्त. वस्तरा, दात घासायचा ब्रश आणि नखे कापायचे यंत्र ज्याचे त्याने वापरावे.

नवरा-बायको दोघांनाही मधुमेह असला की बोट टोचायचे पेन घरात एकच असते. हे बरोबर नाही. सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला डोळ्यांना न दिसणारे रक्त राहू शकते. प्रत्येकाचे पेन वेगळे हवे आणि इन्सुलिनचे पेनही वेगळेच हवे. या रोगावर लस नाही आणि बरे झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून ही काळजी कायमची.

पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे, रोफे मिश्पाखाकडे, जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. माझी कावीळ सीची तपासणी कधी झाली आहे का? झाली नसेल तर साखरेच्या रक्ताबरोबरच ती करता येईल का? आणि पूर्वी कधी ‘पॉझिटिव्ह’ आली असेल, तर विषाणूची चाचणी आणि यकृततज्ज्ञाची हफनाया मिळेल का? हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. हिब्रू अडत असेल तर मुलाला किंवा नातीला बरोबर घ्या.