दोन महाराष्ट्र केसरींचे वर्ष : अहिल्यानगर, २०२५

२०२५ साली अहिल्यानगर जिल्ह्यात अवघ्या दोन महिन्यांत ‘महाराष्ट्र केसरी’ या एकाच किताबासाठी दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या. पहिली जानेवारीच्या अखेरीस नगर शहरातील वाडिया पार्कवर भरली आणि २ फेब्रुवारीला पृथ्वीराज मोहोळ तिचे विजेते ठरले. दुसरी मार्चच्या अखेरीस, संत गोदड महाराजांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्जतमध्ये झाली आणि तिचा किताब सोलापूर जिल्ह्याचे वेताळ शेळके यांनी पटकावला. पहिलीच्या आयोजकांनी आपली स्पर्धा सदुसष्टावी असल्याचे सांगितले, तर दुसरीच्या आयोजकांनी आपली सहासष्टावी. म्हणजे मोजदादीतही एकवाक्यता उरली नव्हती. दोन्ही मल्लांनी घाम गाळूनच यश मिळवले असल्याने दोष त्यांच्याकडे जात नाही. मात्र एका राज्याला एका वर्षी दोन केसरी मिळाले, तेव्हा त्या किताबाचे मोल कशावर उभे होते हे तपासून पाहणे भाग पडते.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही संघटना १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि तिने भरवलेल्या अधिवेशनांतून राज्याचा सर्वश्रेष्ठ मल्ल ठरवण्याची प्रथा रुजली. १९६१ साली औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. गणपत खेडकर, चंबा मुत्नाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार या मल्लांनी हा किताब दोन-दोनदा जिंकला. पुढे नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे तो आपल्याकडे राखला आणि त्यांच्यानंतर जळगाव जिल्ह्यातील विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ या काळात तोच पराक्रम केला. चौधरींच्या या तीन विजयांपैकी पहिला नगरच्याच मैदानावरचा होता, ही गोष्ट जिल्ह्यातील जुने शौकीन अजूनही अभिमानाने सांगतात. या इतिहासातील एका बाबीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. काही वर्षी अंतिम कुस्ती निकाली झाली नाही आणि त्या वर्षी किताब कोणालाच दिला गेला नाही. संशयास्पद केसरी जाहीर करण्यापेक्षा ते वर्ष विनाकेसरी गेलेले बरे, असा तो करारी निर्णय होता, आणि किताबाचा दबदबा वाढण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

विजेत्याला मिळणारी गदा मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून दिली जात आली. आतून सागवानी लाकूड, वरून नक्षीकाम केलेला चांदीचा पत्रा आणि वजन साधारण दहा ते बारा किलो, अशी तिची घडण असते. अंतिम कुस्तीपर्यंत पोहोचण्याची वाट दुहेरी असते : एक गट मातीच्या आखाड्यात लढतो आणि दुसरा गादीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांच्या मॅटवर, आणि दोन्ही गटांतील विजेते किताबासाठी एकमेकांसमोर येतात. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकवले तर ती चितपट ठरून तिथेच संपते, दहा गुणांची आघाडी झाली तरी संपते, नाहीतर शेवटी गुणांवर निकाल लागतो. माती आणि गादी यांची ही सांगड म्हणजे गावच्या जत्रेतील कुस्तीला ऑलिंपिकच्या कुस्तीशी जोडणारा दुवा आहे.

नगर जिल्ह्यात जत्रेतील कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. दुपारच्या उन्हात हलगी कडाडू लागते. आधी रेवड्यांवर आणि नारळावर पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, मग पंचमंडळी जोड पाहून इनाम जाहीर करतात आणि दिवस कलता-कलता शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती सुटते. कित्येक मल्लांचा खुराक, म्हणजे दूध, तूप आणि बदामाचा रोजचा खर्च, या इनामांवरच चालतो, आणि या अर्थाने मल्ल हा पेशा करणारा माणूस आहे. महाराष्ट्र केसरी झाल्यावर त्याच्या जोडीचे इनाम अनेक पटींनी वाढते आणि विजय चौधरी यांच्याप्रमाणे पोलीस उपअधीक्षकपदापर्यंत जाण्याची वाटही खुली होऊ शकते; वाडिया पार्कवरील विजेत्याला तर गदेबरोबर थार गाडी मिळाली. एवढे सारे ज्या निकालावर अवलंबून असते, तो निकाल देणाऱ्या पंचाच्या शिट्टीवर मल्लाचे सगळे आयुष्य टांगलेले असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय वाडिया पार्कवर घडले त्याची तीव्रता कळणार नाही.

वाडिया पार्कवर गादी गटाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांना पृथ्वीराज मोहोळ यांच्याकडून चितपट झाल्याचा निर्णय देण्यात आला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असे राक्षे यांचे म्हणणे होते आणि चित्रफीत पाहून फेरनिर्णय करावा अशी मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा संतापाच्या भरात त्यांनी पंचाची गचांडी धरली आणि लाथही मारली. त्याच संध्याकाळी किताबाच्या लढतीत अखेरची काही सेकंदे उरली असताना महेंद्र गायकवाड यांनी एका गुणावरून निषेध करत मैदान सोडले आणि मोहोळ विजयी घोषित झाले. राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचावर हात उचलणे कोणत्याही कारणाने क्षम्य ठरत नाही. तथापि, ज्या लढतीवर इतके काही पणाला लागले आहे तिथे वादग्रस्त क्षण पुन्हा पाहण्याची व्यवस्था नाकारली जाणे हीसुद्धा गंभीर उणीव होती, आणि शिक्षा सांगताना ती उणीव झाकून ठेवणे न्याय्य होणार नाही.

याच जिल्ह्याने त्याच्या पाच वर्षे आधी एक वेगळे दृश्य महाराष्ट्राला दिले होते. अकोले तालुक्यातील हर्षवर्धन सदगीर यांनी भगूरच्या तालमीत आणि पुढे पुण्यात काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी केली आणि नाशिककडून खेळत ७ जानेवारी २०२० रोजी बालेवाडीत लातूरच्या शैलेश शेळके यांच्यावर ३-२ अशा निसटत्या फरकाने मात करून किताब मिळवला. दोघेही एकाच वस्तादाचे पठ्ठे होते. निकाल जाहीर होताच सदगीर यांनी पराभूत शेळके यांना आपल्या खांद्यावर उचलून घेतले आणि प्रेक्षकांसमोर मिरवले. जो मान विजेत्याला मिळायचा तो त्यांनी हरलेल्या जोडीदाराला दिला, आणि एका गुणाने हरलेल्या मल्लानेही त्या निकालाविषयी तक्रार केली नाही. जिल्ह्याची ही परंपरा केवळ पुरुषांपुरती नाही : श्रीगोंदा तालुक्यातील भाग्यश्री फंड यांनी जानेवारी २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरीचा किताब जिंकला.

दोन स्पर्धांचे मूळ संघटनेतील फुटीत आहे. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने जुन्या परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली, त्यानंतर रामदास तडस यांच्या नेतृत्वाखाली कुस्तीगीर संघ उभा राहिला, आणि दोन्ही बाजू आपापल्या स्पर्धेला ‘महाराष्ट्र केसरी’ म्हणू लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर पुणे जिल्ह्यातील फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी काही दिवसांच्या अंतराने दोन अंतिम लढती झाल्या : फुलगावला सिकंदर शेख यांनी राक्षे यांना हरवले, आणि तेच राक्षे धाराशिवला सदगीर यांना हरवून केसरी झाले. म्हणजे एकच मल्ल त्या एका महिन्यात उपविजेताही ठरला आणि विजेताही.

अशा पेचातून मार्ग निघू शकतो, याचा एक दाखला खूप दूरच्या खेळातून देता येतो. गोल्फ हा चेंडू काठीने मारत कमीत कमी फटक्यांत जमिनीतील खळग्यांत घालण्याचा खेळ आहे, आणि स्कॉटलंडमध्ये १८५९ साली ॲलन रॉबर्टसन या नामवंत व्यावसायिक खेळाडूचे निधन झाल्यावर ‘आता सर्वश्रेष्ठ कोण?’ हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविक येथे आठ व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा घेण्यात आली. हे व्यावसायिक म्हणजे काठ्या आणि चेंडू बनवून, मैदान राखून व श्रीमंत खेळाडूंची पिशवी वाहून पोट भरणारी माणसे होती. छत्तीस खळग्यांच्या त्या स्पर्धेत मसलबर्गचे विली पार्क यांनी १७४ फटके घेतले आणि प्रेस्टविकचेच मैदानपाल टॉम मॉरिस यांना दोन फटक्यांनी मागे टाकले. पार्क यांना रोख बक्षीस मिळाले नाही. मिळाला तो लाल कातड्याचा, चांदीच्या बकलांचा पट्टा, तोही वर्षभर सांभाळण्यापुरता.

सलग तीन वर्षे जिंकणाऱ्याकडे तो पट्टा कायमचा राहावा असा नियम होता, आणि मॉरिस यांचे चिरंजीव, धाकटे टॉम मॉरिस यांनी १८६८, १८६९ आणि १८७० अशी तिन्ही वर्षे जिंकून तो घरी नेला. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांच्या तीन-तीन किताबांची ही जुनी भावंडे म्हणता येतील. पट्टा गेल्यामुळे १८७१ साली स्पर्धाच झाली नाही. त्या वेळी प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि एडिंबरा येथील तीन क्लबांना आपापली वेगळी स्पर्धा काढणे अवघड नव्हते. त्यांनी तसे न करता नव्या चषकासाठी प्रत्येकी दहा पौंड दिले आणि मैदाने आळीपाळीने वापरून एकच स्पर्धा चालू ठेवली. १८७२ ची पुनरुज्जीवित स्पर्धाही धाकट्या मॉरिस यांनीच जिंकली, आणि त्या चषकाची प्रतिकृती आजही दर वर्षी एकाच विजेत्याच्या हाती दिली जाते.

महाराष्ट्रातील दोन्ही संघटनांना हा मार्ग मोकळा आहे. अधिवेशन आळीपाळीने भरवावे, पंचांचे मंडळ संयुक्त असावे, किताबाच्या प्रत्येक लढतीत चित्रफितीवरून फेरतपासणीचा हक्क मल्लाला लेखी नियमाने मिळावा आणि कुस्ती निकाली नसेल तर जुन्या परिषदेप्रमाणे किताब राखून ठेवण्याचे धाडस दाखवावे. अहिल्यानगरच्या शौकिनांनी वाडिया पार्क आणि कर्जत या दोन्ही ठिकाणी तितक्याच जिव्हाळ्याने गर्दी केली, कारण त्यांना कुस्ती हवी आहे, संघटनांची भांडणे नकोत. तेव्हा पुढच्या हंगामाची तारीख जाहीर होण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पदाधिकाऱ्यांनी एकत्र बसावे आणि राज्याला एकच महाराष्ट्र केसरी द्यावा.